एक तृतीयांश इनिंग

गेल्या सप्टेंबरात लेकीच्या सॉफ्टबॉलच्या गेमला एक प्रकार घडला आणि तो काही केल्या मनातून जात नाही. शनिवारची सकाळ होती. गवतावर दव, कुंपणालगत आईवडिलांच्या घडीच्या खुर्च्या, कुणाच्या तरी थर्मासमधल्या कॉफीचा वास. लेक पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. या वयात पिचरच्या भात्यात फार काही नसतं. एक वेगाचा सरळ चेंडू आणि एक चेंजअप, म्हणजे हात तितक्याच जोरात फिरवायचा पण चेंडू हळू सोडायचा. कोणता येतोय हे बॅटरला कळू नये, एवढ्यावर सगळं उभं असतं. कॅचर गुडघ्यांच्या आत बोटं दाखवते, एक किंवा दोन, लेक मान हलवते आणि टाकते. तिसऱ्या इनिंगमध्ये माझ्या लक्षात आलं की समोरच्या टीमपैकी कुणाचे तरी वडील सेंटर फील्डच्या कुंपणामागे उभे आहेत, फोनचा कॅमेरा झूम करून कॅचरवर धरलाय आणि प्रत्येक चेंडूआधी ओरडताहेत. मुलीचं नाव घेऊन ओरडले की वेगाचा चेंडू येत होता. जर्सीचा नंबर घेऊन ओरडले की चेंजअप. मी शेजारी बसलेल्या आईला सांगितलं. तिने दोन बॅटर नीट पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या कोचने अंपायरला सांगितलं, अंपायर कुंपणापर्यंत चालत गेला, ते गृहस्थ म्हणाले मी माझ्या मुलीचा व्हिडिओ घेतोय, अंपायर परत आला. खेळ पुढे चालू. आम्ही मोठ्या फरकाने हरलो.

गाडीत ती रडली नाही. हरल्यावर ती एरवी रडते, मग फ्रेंच फ्राइज मागते आणि प्रकरण मिटतं. त्या दिवशी ती बूट काढून, मोज्यांतली लाल माती झटकत बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई, माझा चेंजअप खरंच वाईट आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी चीटिंग केली, तुझा काही दोष नाही, हे म्हणायला सोपं होतं आणि मी ते म्हटलंही. पण ती ते विचारतच नव्हती. तिला सोमवारच्या प्रॅक्टिसला काय सुधारायचं ते हवं होतं. मनगट लवकर वळतंय का, चेंडू उंच राहतोय का, की सगळं बरोबर होतं आणि तरीही तो माणूस आधीच सांगत होता म्हणून मार बसला? पहिल्या दोन इनिंगमध्येही तिला मार बसला होता. तेव्हा तो माणूस तिथे होता की नव्हता, मला सांगता येत नाही. खोट्याने जिंकणाऱ्याचं काय होतं यावर लोक खूप बोलतात. जो हरला त्याच्याकडून नेमकं काय गेलं, याबद्दल फार कुणी बोलत नाही. मी आयुष्यभर हरणाऱ्या टीमच्या बाजूने बसलेली बाई आहे, त्यामुळे मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, २८ सप्टेंबर २०२५ ला, आमचे मेट्स, म्हणजे न्यूयॉर्कची क्वीन्समधली बेसबॉल टीम, मायामीच्या मार्लिन्सकडून ४-० हरले आणि सीझन संपला. जूनच्या मध्यावर अख्ख्या बेसबॉलमध्ये ज्यांचा रेकॉर्ड सर्वांत चांगला होता, ते प्लेऑफलाही पोचले नाहीत. मार्लिन्स हे नाव ऐकलं तरी आमच्याकडे जेवण कडू होतं. २००७ ला शेवटच्या दिवशी मार्लिन्स, २००८ ला शेवटच्या दिवशी मार्लिन्स, आणि आता पुन्हा. नवरा टीव्ही बंद करून बाहेर पानं गोळा करायला गेला. मी तशीच बसून राहिले आणि मनाने थेट क्वीन्सला पोचले.

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही क्वीन्समध्ये एल्महर्स्टला राहायचो, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, इटालियन वंशाचे, बायको वारलेली, मुलं लांब. मार्चनंतर त्यांच्या खिडकीतून संध्याकाळभर रेडिओवरचं समालोचन वर यायचं. मला शब्द कळायचे, खेळ कळत नव्हता, पण तो आवाज ओळखीचा होता. नागपूरला आमच्या धंतोलीच्या घरी बाबांचा ट्रान्झिस्टर असाच चालायचा. एक दिवस मी खाली जाऊन विचारलं की हे लोक नेमकं काय करताहेत, आणि त्या घरमालक आजोबांनी मला स्कोअरबुक लिहायला शिकवलं. बाबा क्रिकेटचा स्कोअर हिशेबाच्या लाल वहीत लिहायचे, बारीक ठिपक्यांनी, त्यामुळे मला ही भाषा परकी वाटली नाही. प्रत्येक फील्डरला आकडा, प्रत्येक आउटची खूण. बॅटर बॅट फिरवून स्ट्राइकआउट झाला तर के. बॅट न फिरवता नुसता उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा लिहायचा, आरशात दिसतो तसा. आजोबा म्हणायचे की हा उलटा के लिहिताना हात जड होतो.

तो हात जड होणं मी १९ ऑक्टोबर २००६ ला पाहिलं. सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध सातवा गेम, जिंकलो तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका. सहाव्या इनिंगमध्ये आमच्या एंडी चावेझने भिंतीवर चढून स्कॉट रोलनचा होमरन परत मैदानात ओढून आणला. ग्लव्हच्या टोकात अडकलेला तो पांढरा चेंडू अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर हरणं शक्यच नाही असं मेट्सच्या शे स्टेडियममधल्या आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला वाटलं. नवव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सच्या याडिएर मोलिनाचा होमरन. ३-१. शेवटी दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, समोर आमचा सर्वांत भरवशाचा कार्लोस बेल्ट्रान. अ‍ॅडम वेनराइट नावाच्या पोराने असा एक कर्व्ह टाकला की तो खांद्याच्या उंचीवरून निघून गुडघ्याशी उतरला. बेल्ट्रानने बॅट हलवलीच नाही. आजोबांनी पेन्सिल उचलली, उलटा के काढला, वही मिटली आणि मला म्हणाले की आता वर जा, झोप. त्या कर्व्हबद्दल बेल्ट्रानला न्यूयॉर्कने वर्षानुवर्षं बोल लावला. मला तेव्हाही वाटायचं की तो चेंडूच तेवढा सुंदर होता. दुःख झालं, पण ते दुःख बघता यायचं. त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि मधे काय झालं ते सगळं उघड्यावर झालं होतं.

मग आला २००७ चा सप्टेंबर. त्या महिन्यात जे जे झालं ते आठवलं की वाटतं, इतकं सगळं एकाच महिन्यात कुणी कोंबलं असेल.

आजोबा मेट्सचे चाहते, म्हणजे न्यूयॉर्कच्या फुटबॉल टीमचे, जेट्सचेही चाहते. क्वीन्स आणि लाँग आयलंडच्या जुन्या माणसांचं तसंच असतं, कारण जेट्स १९८३ पर्यंत शे स्टेडियमवरच खेळायचे. फुटबॉल मला बेसबॉलइतकं कधी भिडलं नाही, पण रविवारी खाली सॉसचा वास सुटायचा आणि आम्ही जाऊन बसायचो. ९ सप्टेंबरला जेट्सचा पहिला सामना पेट्रियट्सशी, न्यू जर्सीत जायंट्स स्टेडियमवर. जेट्सचे कोच एरिक मॅन्जिनी हे पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचिक यांच्याच हाताखाली तयार झालेले, त्यामुळे दोघांत विस्तव जात नव्हता. ३८-१४. दुसऱ्या हाफचा पहिलाच किकऑफ एलिस हॉब्सने १०८ यार्ड पळवत नेला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चॅड पेनिंग्टन घोट्याला लागून बाहेर. आजोबा सॉसच्या पातेल्यात पळी फिरवत राहिले. मग सोमवारी-मंगळवारी बातमी फुटली की पेट्रियट्सचा एक कॅमेरावाला मैदानाच्या कडेला उभा राहून जेट्सच्या कोचच्या हातवाऱ्यांचं शूटिंग करताना पकडला गेला, कॅमेरा जप्त झाला.

हे हातवारे म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं, नाहीतर यात एवढं काय, असं वाटेल. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये १९९४ पासून रेडिओ होता, कोच थेट त्याच्या कानात बोलायचा. बचाव करणाऱ्या टीमला तशी सोय नव्हती. त्यांचे कोच कडेला उभे राहून हातांनी खुणा करत, छाती, कान, टोपी, कोपर, आणि मैदानावरचा गडी त्या वाचून आपल्या माणसांना सांगे. समोरच्या कुणी नुसत्या डोळ्यांनी त्या खुणा ओळखल्या तर तो त्याचा हुशारपणा, त्याला कुणी काही म्हणत नाही. पण कॅमेऱ्यात खुणा घेतल्या, त्याला त्या-त्या डावाचं चित्र जोडलं आणि निवांत बसून कोश तयार केला, तर पुढच्या वेळी समोरचा काय करणार हे चेंडू हलायच्या आधी कळतं. लीगने सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्या टीम्सना लेखी कळवलं होतं की असं शूटिंग चालणार नाही. बेलिचिक यांचं म्हणणं, नियमाचा अर्थ आपण वेगळा लावला. फुटबॉलच्या नियमांची इतकी बारीक जाण असलेला दुसरा कोच त्या काळात नव्हता. त्यांचं ते म्हणणं माझ्या गळी आजही उतरत नाही. २००८ मध्ये लीगने बचावातल्या एका खेळाडूलाही हेल्मेट रेडिओ दिला आणि हातवाऱ्यांचा प्रश्न बराचसा निकालात निघाला.

१३ सप्टेंबरला लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी शिक्षा जाहीर केली. बेलिचिकना पाच लाख डॉलर, टीमला अडीच लाख डॉलर आणि पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वेळची, पहिल्या फेरीची निवड. आजोबा पेपर वाचून म्हणाले, "आणि सामने?" तेवढंच.

आणि नेमका १२ सप्टेंबर हाच तो दिवस, ज्या दिवशी मेट्स आपल्या गटात सात गेमनी पुढे होते आणि फक्त सतरा उरले होते. तिथून आम्ही बारा हरलो. हे वाक्य मी न्यूयॉर्कमध्ये कुणासमोरही अर्धं बोलले तरी पुढचं अर्धं समोरचा पूर्ण करतो. १५ तारखेला गणेश चतुर्थी होती. फ्लशिंगला बाऊन स्ट्रीटच्या गणपतीच्या देवळात आम्ही रांगेत उभे, धूप, ओली फुलं, तळघरातल्या कँटीनमधून येणारा डोशाचा वास. तिथून शे स्टेडियम दोन-तीन मैलांवर, आणि त्याच तीन दिवसांत तिथे गटातले आमचे प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाचे फिलीज येऊन आम्हाला तिन्ही गेम हरवून गेले. २४ तारखेच्या सोमवारी सकाळी मिसबाहने तो चेंडू मागे उचलला, श्रीशांतने झेल घेतला, भारताने टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या ऑफिसातले झाडून सगळे देशी लोक दुपारी जॅक्सन हाइट्सला मिठाई घ्यायला पळाले. मीही गेले. तोंडात पेढा होता आणि त्याच संध्याकाळी नॅशनल्सनी आमचे १३-४ असे धिंडवडे काढले. एका दिवसात दोन्ही. त्या रात्री नागपूरहून बाबांचा फोन आला, आवाज आनंदाने फाटलेला, आणि मी त्यांना मेट्सचं काही सांगितलं नाही.

३० सप्टेंबरला आजोबा, नवरा आणि मी शे स्टेडियमवर होतो, अगदी वरच्या मजल्यावर, जिथे लागार्डियाची विमानं डोक्यावरून जाताना बोलणं थांबवावं लागतं. आदल्या दिवशी जॉन मेनने आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट दिला नव्हता, आम्ही १३-० जिंकलो होतो, फिलीज हरले होते, दोघे बरोबरीत आले होते. लख्ख ऊन, पंचावन्न हजारांच्या आसपास गर्दी, आणि पिच करायला टॉम ग्लॅव्हिन. ऑगस्टमध्येच त्याने कारकिर्दीतला तीनशेवा विजय मिळवला होता. असा माणूस अशा दिवसासाठीच असतो असं सगळे म्हणत होते. आजोबांनी वही उघडून पेन्सिलीला टोक काढलं. वॉक. हिट. पुन्हा हिट. ग्लॅव्हिनचा चेंजअप, ज्यावर त्याने आयुष्य काढलं, तो त्या दिवशी प्लेटच्या बाहेरच्या कडेला लागायचा तिथे लागतच नव्हता. बेस भरलेले असताना त्याने मार्लिन्सच्या पिचरला, डॉन्ट्रेल विलिसला, अंगावर चेंडू मारला आणि आणखी एक रन फुकट आत आला. मॅनेजर बाहेर आले, चेंडू घेतला. ग्लॅव्हिन मान खाली घालून निघाला आणि लोकांनी हुर्यो उडवली. एकच आउट. इनिंग तीन आउटची, म्हणजे एक तृतीयांश इनिंग, सात रन. गेम ८-१ गेला. बाहेरच्या सामन्यांच्या फलकावर फिलीज पुढे होते आणि पुढेच राहिले.

ग्लॅव्हिन नंतर पत्रकारांना म्हणाला की आपण निराश आहोत, पण याहून मोठी दुःखं जगात असतात. या वाक्यासाठी क्वीन्सने त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. सेव्हन ट्रेनमध्ये परतताना डब्यात कुणी बोलत नव्हतं, एक मोठा माणूस टोपीत तोंड घालून रडत होता. आजोबांनी मात्र घरी येऊन अर्धवट वही पूर्ण केली. नऊच्या नऊ इनिंग लिहिल्या होत्याच, फक्त बेरीज राहिली होती. ती करून त्यांनी मला दाखवलं, की हे बघ, इथे, चेंडू आत राहिला, तिथून सगळं गेलं. ते बोट ठेवून सांगू शकत होते. सात रन, एकेकाचा हिशेब लागत होता.

जेट्सच्या ९ सप्टेंबरच्या सामन्याबद्दल मात्र त्यांना असं बोट ठेवता येत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता. खरं तर कॅमेरा पहिल्या हाफमध्येच जप्त झाला होता. त्या टेपचा त्या दिवशी पेट्रियट्सना काही उपयोग झाला असण्याची शक्यता नाही. म्हणजे ३८-१४ हे बहुधा निखळ होतं. जेट्स त्या वर्षी ४-१२ वर संपले, पेट्रियट्स १६-० गेले आणि पुढे फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमने, जायंट्सनी, त्यांना सुपर बोलमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, १७-१४ हरवलं. त्या रात्री जायंट्सचे शत्रू असलेले आजोबाही खुर्चीतून उठून नाचले. पण प्रश्न त्या एका सामन्याचा नव्हता. त्याआधीच्या सामन्यांचा होता. लीगने पेट्रियट्सकडे जाऊन सहा टेप आणि काही टिपणं पाहिली आणि तिथल्या तिथे नष्ट केली. लोकांना काही दाखवलं नाही. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर पाठीमागे लागले तेव्हा २००८ च्या फेब्रुवारीत गुडेल त्यांना भेटले, आणि बेलिचिक हे २००० पासून करत होते असं गुडेल यांनीच सांगितल्याचं स्पेक्टर यांनी बाहेर येऊन सांगितलं. २००० पासून! त्या वर्षांत पेट्रियट्सनी जिंकलेले तीन सुपर बोल येतात. त्यातले कोणते सामने कॅमेऱ्याने जिंकले आणि कोणते त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हाताने, हे सांगू शकेल असा कागद आता जगात नाही. हे हरलेल्यांवर अन्यायाचं आहे तेवढंच जिंकलेल्यांवरही. ब्रेडीने जे डाव जिवाच्या आकांताने जिंकले असतील, त्यांच्यावरही ती सावली कायमची पडली.

ही सावली मला नवी नव्हती.

१९ मार्च २००० ला मी नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीएच्या मैदानावर बाबांबरोबर होते. दक्षिण आफ्रिकेशी वनडे. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो होतो, मार्चचं ऊन आत्ताच मे असल्यासारखं, बाबांच्या डोक्याला ओला रुमाल, मांडीवर लाल वही. हर्शेल गिब्जने आमची धुलाई केली, ७४. आफ्रिका ३२०, आपण ३१०. दहा धावांनी गेलो आणि तरी काय मॅच होती म्हणत घरी आलो. सिरीज तर आपण जिंकलीच होती. मग ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचं मॅच फिक्सिंगचं प्रकरण उघड केलं. घरात सुतक आल्यासारखं झालं. क्रोनिए हा बाबांचा लाडका कॅप्टन, त्याच्या शिस्तीचे दाखले ते माझ्या भावाला देत. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चौकशीत, किंग कमिशनसमोर, गिब्जने साक्ष दिली की नागपूरला वीसच्या आत आउट होण्यासाठी क्रोनिएने त्याला पंधरा हजार डॉलर देऊ केले होते, त्याने हो म्हटलं होतं आणि मैदानात उतरल्यावर ते पाळलं नाही. हेन्री विल्यम्सलाही जास्त धावा द्यायला सांगितलं होतं, तो अकरा चेंडूंतच खांदा दुखावून बाहेर गेला.

बाबांनी त्या दिवशी कपाटातून वही काढली. नागपूरचं पान उघडलं. गिब्जच्या नावापुढचे ठिपके, चौके, षटकार, सगळं त्यांच्याच अक्षरात. मला म्हणाले, "म्हणजे हे खरं आहे." त्यांच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता तो मी विसरणार नाही. क्रोनिए फिक्सर होता, गिब्ज हो म्हणून बसला होता, सगळं वाईटच होतं. पण आपण उन्हात बसून जे पाहिलं ते ७४ खरे होते, हे त्यांना कळलं. आणि ते कळलं कारण कुणीतरी गिब्जला शपथेवर उभं करून विचारलं आणि ते जगासमोर विचारलं. वहीतली बाकीची पानं, त्याच दौऱ्याची आणि आधीच्या वर्षांची, त्यांनी त्यानंतर फारशी उघडली नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मेट्सनी बेल्ट्रानला मॅनेजर नेमलं. तो उलटा के आता पुसला जाईल असं मला मनापासून वाटलं, खूप आनंद झाला होता. त्याच महिन्यात ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचं बिंग फुटलं. २०१७ मध्ये, ज्या वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा पाहायच्या, डगआउटजवळच्या टीव्हीवर कुणीतरी त्या वाचायच्या आणि कर्व्ह किंवा चेंजअप येणार असेल तर कचऱ्याचा डबा बडवायचा. डबा वाजला नाही तर वेगाचा. बेल्ट्रान त्या टीमचा सर्वांत ज्येष्ठ खेळाडू होता आणि चौकशी अहवालात नाव घेतलेला एकटा खेळाडूही तोच. १६ जानेवारी २०२० ला तो मेट्समधून गेला, एकही गेम न चालवता. ज्याला कर्व्ह येतोय हे कळलं नाही म्हणून आमचा सीझन संपला होता, तोच माणूस अकरा वर्षांनी डबा वाजवून कर्व्ह आधी कळवणाऱ्यांत निघाला. यावर काय वाटून घ्यायचं हे मला आजही नीट कळत नाही. राग येतो. त्याच्याबद्दल वाईटही वाटतं.

पण त्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो माइक बोल्सिंगर. टोरोंटोचा साधा रिलीव्हर, म्हणजे मधेच बदली येणारा पिचर, कधी वर मेजर लीगमध्ये, कधी खालच्या मायनर लीगमध्ये. ४ ऑगस्ट २०१७ ला ह्यूस्टनमध्ये तो आला, आठ बॅटरना सामोरा गेला, एकाला आउट केलं, चार रन दिले. एक तृतीयांश इनिंग. लगेच त्याला खाली पाठवलं आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधी पिच करताना दिसला नाही. पुढे जपानमध्ये खेळला. अडीच वर्षं तो समजत होता की त्या रात्री आपण वाईट टाकलं. मग अ‍ॅस्ट्रोजच्याच एका चाहत्याने घरी बसून त्या सीझनच्या व्हिडिओंमधले आठ हजारांवर चेंडू एकेक करून ऐकले, कोणत्या चेंडूआधी डबा वाजला ते नोंदवलं आणि सगळं लोकांपुढे ठेवलं. अकराशे त्रेचाळीस वेळा डबा वाजला होता, आणि ज्या गेममध्ये तो सर्वांत जास्त वाजला त्यांत बोल्सिंगरची ती रात्र होती. तो कोर्टात गेला, त्यातून काही निघालं नाही. तरी त्याच्या हातात निदान ती यादी आली. कोणत्या चेंडूला डबा वाजला, कोणत्याला नाही, हे त्याला बघता आलं.

तो चाहता कोण, कसा, मला माहीत नाही, पण त्याने जे केलं त्याच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. आपल्याच लाडक्या टीमचा, आपल्याच आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या वर्षाचा गेमामागून गेम कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचं आणि प्रत्येक ठोका लिहून ठेवायचा, याला काय लागत असेल. तेही एका अर्थी स्कोअरबुकच आहे. आजोबांना ते आवडलं असतं. ते २०१२ मध्ये गेले. शे स्टेडियम त्याआधीच पाडून झालं होतं.

परवा लेकीला मी ही बोल्सिंगरची गोष्ट सांगितली. तिने यादीबद्दल खोदून खोदून विचारलं, डबा न वाजलेल्या चेंडूंवरही मार बसला होता का, मग ते चेंडू कसे होते. तिचा कोच आता मनगटावर आकड्यांची पट्टी बांधायला लावतो, बोटांच्या खुणा बंद. बरंच झालं. मेजर लीगनेही २०२२ पासून पिचर-कॅचरना बटणांचं यंत्र दिलं आहे. चोरायला आता खुणाच फारशा उरलेल्या नाहीत, आणि मला वाटतं हा प्रश्न असाच सुटतो, यंत्राने, कुणाला शहाणपण सुचल्याने नव्हे.

मागे जे झालं त्याला मात्र यंत्र नाही. गुडेल आजही कमिशनर आहेत. पेट्रियट्सच्या गावी, फॉक्सबरोला, त्यांच्या माणसांनी ज्या सहा टेप पाहिल्या, त्यांत कोणत्या टीमच्या खुणा होत्या, कोणत्या तारखेच्या होत्या, टिपणांत काय लिहिलं होतं, हे ज्यांनी पाहिलं ते लोक हयात आहेत, त्यांना आठवत असणार. दंड कमी होता की जास्त, याच्याशी मला काही घेणं नाही. ट्रॉफ्या परत घ्या असंही माझं म्हणणं नाही. पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, सेंट लुइस, न्यूयॉर्कच्या त्या वर्षांतल्या चाहत्यांना सामन्यांची यादी द्या. ज्या सामन्यांत काही नव्हतं तिथे काही नव्हतं असं लिहा. तेवढी यादी मिळाली असती तर आजोबांनी एल्महर्स्टच्या त्या टेबलावर बसून जेट्सच्या जुन्या वह्या काढल्या असत्या, तारखा लावून पाहिल्या असत्या, आणि ज्या हारी खऱ्या निघाल्या असत्या त्या बिनतक्रार मान्य केल्या असत्या.